दादाच्या प्लगमधून दिसलेलं गाव

यवतमाळच्या एका तंत्रनिकेतनात मी उभी हयात 'नेटवर्क' शिकवलं. लग्नकार्यात कोणाला हे सांगितलं की समोरचा आपला फोन पुढे करतो आणि विचारतो, "सर, घरात टॉवर काऊन दाखवत नाही हो?" तर ते नव्हे. माझं नेटवर्क म्हणजे विजेच्या तारांचं जाळं. त्यात प्रवाह कुठून शिरतो, कुठे फुटतो, कुठल्या टोकाला किती दाब, म्हणजे व्होल्टेज, उरतो, हे समीकरणं मांडून काढायचं. फळ्यावर मी भलीमोठी जाळी सोडवली. घरी मात्र फ्यूज उडाला तर बायको स्टुलावर चढते आणि मी बॅटरीचा उजेड पाडतो, तोही दारातून. मला विजेची भीती वाटते. पुस्तकातली वीज चावत नाही, म्हणून तर मी पुस्तकातली निवडली.

माझ्या शिकवण्याची सुरुवात ठरलेली असे: "समजा, तारेचा रोध शून्य. म्हणजे तार प्रवाहाला जराही अडवत नाही." एकदा हे गृहीत धरलं की गणित फार गोड सुटतं. पोरं माझ्यामागे मला 'शून्य सर' म्हणत. मला ते मी देत असलेल्या मार्कांवरून वाटायचं. खरं कारण निवृत्त झाल्यावर कळलं, आणि पटलंही, पण पटायला बरंच काही व्हावं लागलं. तेच सांगतो.

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वणीकडच्या कोळशाच्या खाणीत होता. नोकरी पुरी करून तो राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी परतला, गावाच्या शेवटाला, वावराला लागून घर बांधलं, आणि दोन पावसाळे होतात न होतात तोच त्याची फुप्फुसं बोलू लागली. आधी जिना, मग अंगण, मग बाजेवरून उठणंही जड झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. लहान फ्रिजएवढी पेटी. ती खोलीतलीच हवा ओढते, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढते आणि नळीतून नाकात सोडते. चालते विजेवर. डॉक्टर स्पष्टच बोलले होते, "सिलिंडर हा तासा-दोन तासांचा आधार. मशीन सारखं बंद पडत असेल तर पेशंटला गावात ठेवू नका."

दादाचा पोरगा नागपूरला होता, बोलावत होता. दादा एकदा जाऊन आला होता. "तिथं खिडकी उघडली का दुसऱ्याची खिडकी दिसते," तो म्हणाला, "अन् त्या खिडकीतला माणूस आपल्याकडं पाहूनच राह्यला असते." त्याला आपल्या घरात राहायचं होतं. जितके दिवस उरलेत तितके, पण त्याच घरात. त्याची दुसरी कसलीही मागणी नव्हती, आणि ती सगळी मागणी भिंतीवरच्या एका प्लगवर येऊन टेकली होती.

प्लगचा प्रश्न असा होता. आमच्या भागात शेताच्या मोटारींना वीज ठरावीक वेळीच मिळते, आणि ती वेळही आठवड्यागणिक बदलते. लाईन आली म्हणून स्टार्टर दाबायला दर वेळी विहिरीवर कोण धावणार? म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला. लाईन आली की मोटर आपोआप सुरू. सोय उत्तम. फक्त एवढंच, की लाईन आली रे आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकाच श्वासात उठायच्या, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, घरांना आणि मोटारींना मिळून एकच, गावाच्या त्या टोकाला. दादाचं घर या टोकाला. मधल्या तारेतच सगळा दाब सांडून जायचा. दादाचं मशीन एकदा किंचाळायचं आणि बंद पडायचं. दादाच्या नखांचा रंग बदलायला लागायचा, आणि वहिनी सिलिंडरची किल्ली शोधायची. इन्व्हर्टरही घेऊन पाहिला. पण त्याची बॅटरी भरायला तरी धड लाईन पाहिजे. नव्या डीपीचा अर्ज मंजूर होता. तो आमच्या गावात बरीच वर्षं मंजूरच आहे.

हरभऱ्याला पाणी सुरू झालं त्या सुमारास मी गावी गेलो. दादासमोर ते सगळं घडताना पाहिलं आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. "दादा, हे माझ्या विषयातलं आहे," मी म्हणालो.

दादानं नाकातली नळी नीट केली. "तुह्या विषयातलं? मंग त सिलिंडर दोन आणून ठेव."

मी मीटर घेऊन गावभर हिंडलो. (मीटरच्या सुया सॉकेटमध्ये वहिनी घालायची, मी आकडा वाचायचो.) डीपीपासून खांब खांब मोजत आलो, पुठ्ठ्यावर जाळं काढलं आणि संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर गाव जमवलं. तिथं मी जे केलं त्याला लोक समजावणं म्हणतात, मी मात्र तास घेतला. खडूनं ओट्यावर सर्किट काढलं. म्हणालो, दीडशेहून जास्त वर्षांमागं एक जर्मन पोरगा, अजून शिकतच होता, त्यानं दोन नियम सांगितले: तारांच्या फाट्यावर जेवढा प्रवाह येतो तेवढाच जातो, आणि एक फेरा पुरा केला की दाबाचा सगळा हिशेब जुळतो.

मागून आवाज आला, "सर, त्याच्या गावाले लाईन होती का?"

"नाही. तेव्हा घरोघर वीज कुठेच नव्हती."

"मंग बरं होतं त्याचं."

हशा झाला. मीही हसलो आणि पुढचा मोहरा काढला. फ्रान्सच्या तारखात्यातला एक इंजिनिअर. तो तारवाल्यांना शिकवायचा. त्यानं दाखवलं की जाळं कितीही गुंतागुंतीचं असू द्या, त्यातली कुठलीही दोन टोकं धरून आत पाहिलं तर ते सगळं जाळं म्हणजे एक बॅटरी आणि तिच्यापुढे एक अडथळा, एवढंच दिसतं. त्याच्या बऱ्याच आधी, प्राण्यांच्या स्नायूंतली वीज अभ्यासणाऱ्या एका डॉक्टरनंही हेच म्हणून ठेवलं होतं, पण ते विस्मरणात गेलं. "म्हणजे," मी खडू आपटून म्हणालो, "दादाच्या प्लगमधून पाहिलं तर हे अख्खं गाव, तुम्ही सगळे, तुमच्या विहिरी, मोटारी, डीपी, हे सगळं मिळून एक अडथळा आहे!"

हे वाक्य वर्गात फार छान वाटायचं.  ओट्यावर मात्र दादाच्या शेजारचा शेतकरी, ज्याची मोटर गावात सगळ्यात मोठी, तो उठून म्हणाला, "सर, मी अडथळा? दादाच्या पोरीच्या लग्नात मांडव कोनी टाकला होता?"

त्याला शांत करायला अर्धा तास गेला. पण तोच पुढे आला. त्यानंच ठरवलं की ऑटो काढायचे. लाईन आली की पहिल्यानं मोटर सुरू करायची, ती नीट वेगात आली की दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पाळीपाळीनं. गावानं हे मानलं, दादासाठी मानलं. मी काढलेलं सर्किट दुसऱ्या दिवशी पोरांनी लंगडी खेळायला वापरलं, ते सोडा. लाईन आली, आणि मशीन बंद पडलं नाही. दादा मशीनच्या पेटीवर हात ठेवून बसला होता, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा.

त्या दिवसांत दुपारी मी त्याच्या बाजेशी बसायचो. त्याला फार बोलवत नसे, म्हणून मीच बोलायचो, आणि मला दुसरं येतं काय? माझ्या विषयातली माणसं सांगायचो. एक इंग्रज होता, बहिरा. शाळा लवकर सोडलेली. काही वर्षं तारयंत्रावर नोकरी केली आणि मग घरी बसला, आणि घरी बसल्या बसल्या तारांचं सगळं गणित बदलून टाकलं. आज आम्ही रोधाला, प्रवाहाच्या अडवणुकीला जे शब्द वापरतो त्यातले बरेच त्यानं पाडलेले. मोठमोठे विद्वान त्याच्यावर वैतागायचे. म्हातारपणी एकटाच राहायचा.

"घरातच?" दादानं विचारलं.

"घरातच."

"त्याले कोनी नागपूरले नाही नेलं?" थांबून, श्वास गोळा करून तो म्हणाला, "पाह्य. बहिरा होता त कोनाचं आयकाच लागलं नाही."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजी, अशा गोष्टी नोका सांगत जाऊ. ह्यायले लगेच पटतात."

आता इथंच थांबायला हवं होतं. पण सुरुवातीचा धक्का गेला तरी मोटारी चालू असताना दाब कमीच राहत होता. मशीन मधूनमधून कण्हायचं. आणि मी तर गावात सर म्हणून मिरवत होतो. मी राळेगावहून एक मोठा स्टॅबिलायझर आणला. लाईन कमी असली तरी हा पठ्ठ्या बाहेर पुरा दाब देतो. लावला. त्याच्यावरच्या मीटरचा काटा सरळ उभा राहिला. मशीन असं गुणगुणायला लागलं की दादा त्या आवाजात झोपला, कित्येक दिवसांनी.

शेजारी पाहायला आला. काट्याकडे पाहून म्हणाला, "सर, कमालच झाली. आमच्या फ्रिजले चालन का?"

"का नाही चालणार?" मी म्हणालो. ते वाक्य तेव्हा माझ्या तोंडातच अडकायला हवं होतं, असं आज फार वाटतं. मी नुसतं चालेल म्हणून थांबलो नाही. कुठला घ्यायचा, केवढा घ्यायचा, दुकान कुठलं, सगळं सांगितलं. मग त्याच्या समोरच्या घरानं घेतला, पीठ दळायच्या चक्कीला. पलीकडच्यानं पाणी तापवायच्या रॉडला. माझ्याबरोबर चला म्हणून एकजण मोटरसायकल घेऊन आला, आणि मी मागं बसून दुकानापर्यंत गेलो. दुकानदारानं मला चहा पाजला. ओळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात ती पेटी आली, आणि प्रत्येक घरी मला हार नाही तरी पोहे मिळाले.

स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. हे मी पोरांना परीक्षेत विचारत असे आणि चुकलं तर मार्क कापत असे. आत दाब कमी आला तर बाहेर पुरा द्यायला तो तारेतून जास्त प्रवाह ओढतो. जास्त ओढला की तारेत दाब आणखी सांडतो. मग शेजारच्या घरी तो कमी पोचतो, म्हणून शेजारचा स्टॅबिलायझर आणखी ओढतो. सगळ्यांची तार एकच. पण माझ्या डोक्यात ती तार अजून फळ्यावरचीच होती, शून्य रोधाची, आणि तिच्यावर कितीही माणसं टांगली तरी कोणाला काही कमी पडत नव्हतं.

ते ज्या दुपारी घडलं त्या दुपारी मी दादाजवळच बसलो होतो. मोटारी पाळीनं सुरू झालेल्या. शेजारी कोणीतरी चक्की लावली. आमच्या पेटीत टक् झालं. मग पलीकडच्या घरात टक्. मग समोर. स्टॅबिलायझर आतला टप्पा बदलतो तेव्हा असा आवाज येतो. आणि तो आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला, जणू कोणी दारं वाजवत चाललंय. दिवे लाल झाले. मग एकामागून एक पेट्यांनी हात वर केले. आमचीही बंद पडली. मशीन किंचाळलं.

वहिनी सिलिंडरकडे धावली. मी दादाचा हात धरला होता आणि मनातल्या मनात समीकरण मांडत होतो. खोटं कशाला बोलू, मांडत होतो. आणि ते सुटलं. पहिल्यांदा आयुष्यात ते सुटू नये असं वाटलं.

नंतर मी घरोघर फिरलो. "स्टॅबिलायझर काढा," म्हणालो. "सगळ्यांनी काढले तर सगळ्यांना थोडं बरं मिळेल."

लोक मला टाळत नव्हते, चहाही देत होते. फक्त म्हणत, "हाव सर, काढतो. पहिले समोरच्याले काढू द्या." समोरचा म्हणे, "पहिले त्यायले." यात त्यांचा लबाडपणा नव्हता. ज्यानं आधी काढला त्याचाच फ्रिज मरणार, हे मीच त्यांना या फेरीत आकृती काढून शिकवलं होतं. शेवटी सगळ्यांची बोटं फिरत फिरत आमच्या दाराशी आली. तसं कोणी तोंडानं म्हणालं नाही. शेजारी तर खाली मान घालून म्हणाला, "दादाचा सोडून बाकी सगळे काढू, सर. मी पाह्यतो." पण त्यानंही काढला नव्हता. त्याच्या फ्रिजमध्ये म्हशीचं औषध होतं.

दादानं हे सगळं बाजेवरून ऐकलं. संध्याकाळी मला म्हणाला, "माह्या काढ."

"तुझा काढला तर मशीन चालणार नाही."

"थे मले समजते. तुह्यासारखं शिकलो नाही म्हून काय येवढं बी नाही समजत?" मग बराच वेळ नुसता श्वास. "माह्यासाठी त्यायनं मोटारी पाळीनं लावल्या. आता माह्याच मुळं फ्रिजवरून भांडून राह्यले. मी गेल्यावर मांडव कोन टाकीन रे, तूच सांग."

वहिनी आत भांडी आवरत होती, ती थांबली. 

नागपूर नको म्हणून यवतमाळ ठरलं, आमच्याकडे. गाडी आली तेव्हा शेजाऱ्यानंच त्याला उचलून बसवलं. निघताना दादानं वहिनीला आत पाठवून समोरच्या खोलीतला लट्टू लावायला सांगितला, तो जुना पिवळा बल्ब, काचेच्या पोटात तार तापणारा. "घर अंधारात नोको ठेवू," म्हणाला. वहिनीनं कुलूप लावलं, चाबी शेजाऱ्याकडे दिली आणि तीही दादाजवळ गाडीत बसली.

आमच्याकडे लाईन चांगली आहे. मशीन बंद पडत नाही, काटा हलत नाही, आणि दादा बोलत नाही. खिडकीशी खुर्ची ठेवली तर ती फिरवून भिंतीकडे करतो. बायकोनं त्याच्यासाठी वहिनीकडून ज्वारीची भाकर शिकून घेतली. तो अर्धी खातो, चांगली झाली म्हणतो. माझ्या गोष्टी ऐकतो, पण पूर्वीसारखं मधेच काही म्हणत नाही. बोलतो फक्त संध्याकाळी, फोनवर, शेजाऱ्याशी.

"लट्टू कसा हाये रे?"

लाईन कमी असली की तो लट्टू कोळशासारखा लाल दिसतो, पुरी असली की पांढरा. घरचा मीटरच म्हणा. शेजारी तिकडून ओरडतो, कारण फोनवर ओरडल्याशिवाय यवतमाळला ऐकू जात नाही असा त्याचा समज आहे: "पांढराफेक हाये दादा! डोयात खुपून राह्यला!"

"सगळ्यायनं काढले का मंग?"

"काढले ना! कवाचे काढले!"

फोन ठेवला की दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं. एके दिवशी मी पाहिलं तर त्यानं आपली पिशवी भरून खुर्चीजवळ ठेवली होती: टॉवेल, चष्मा, औषधं. "पांढरा हाये म्हनते," तो म्हणाला. "मंग मी आता इथं कायले बसून राह्यलो?"

मी म्हणालो, आधी मी जाऊन बघून येतो. एवढी अक्कल होती. दिवेलागणीला गावात पोचलो. मोटारी चालू होत्या. आमच्या घराची खिडकी गल्लीतून दिसते; तिच्यात लट्टू होता, लाल, विझत आलेल्या विडीच्या टोकासारखा, स्वतःची काचसुद्धा धड उजळत नव्हता. गल्लीतून टक् टक् ऐकू येतच होतं. शेजारी माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"काय सांगू सर त्याले?" तो म्हणाला. आज प्रथमच हळू बोलत होता. "विचारते त काय सांगू?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शेवटच्या एसटीनं परतलो. वाटेत हरभरा निघेपर्यंतचं, मग कूलर लागतील तेव्हाचं, मग पावसाळ्यात तारा तुटतील तेव्हाचं, सगळं गणित करून पाहिलं. दादाला गावी नेण्याजोगं उत्तर वर्षातल्या एकाही महिन्याचं आलं नाही.

दादा जागाच होता. पिशवी मांडीवर. "कसा होता?"

मी जन्मभर आकडे वाचले. मीटरवर जे दिसतं तेच सांगायचं, त्यात आपल्या मनाचं घालायचं नाही, हे मी पोरांना पहिल्या प्रॅक्टिकलला शिकवायचो. "लाल," मी म्हणालो.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "मंग थो पांढरा काऊन सांगते?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

त्यानं पिशवीचा बंद हळूहळू सोडला. चष्मा बाहेर काढून पुसला, परत आत ठेवला. "मंग लेका," तो म्हणाला, "तुले बी सांगता येत नव्हतं का तसंच?"

मी त्याच्या मांडीवरची पिशवी उचलून खुंटीला टांगली. 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्याचा फोन आला. दादानं काही विचारलं नाही. "थो लट्टू बंद करून टाक," म्हणाला. "चाबी तुह्यापाशीच हाये ना?"

तिकडून पहिल्यांदा कोणी ओरडलं नाही. "असू द्या ना दादा," आवाज आला, "तेवढ्यानं काय होते?"

दादानं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे वळला. शेजारी अजून फोनवरच होता. मी फोन कानाला लावला, तर त्याच्या मागून गल्लीतलं टक् टक् ऐकू येत होतं.